एकशे त्रेचाळीस गिरप

पोस्टमनने पाकीट आणून दिलं तेव्हा लवू गिरप एका होडीचं इंजिन उघडून बसला होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. शिरोड्याच्या किनाऱ्यावर इंजिनं दुरुस्त करणारा तो एकटाच. नोव्हेंबरात त्याला मान वर करायला फुरसत नसे. पण पाकिटावरचं अक्षर सत्यवानचं होतं. सत्यवान म्हणजे त्याच्या धाकट्या काकांचा मुलगा, मुंबईला एका जहाज कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरीला. लवूने चिंधीला हात पुसले आणि पाकीट फोडलं.

दोन पुठ्ठ्यांच्या मधे दोन काळ्या चौकोनी फ्लॉप्या होत्या, आणि पत्र.

'लवूदादा, चतुर्थीला आलो होतो तेव्हा घराघरांत बसून जी माहिती गोळा केली ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली. इथल्या एका अमेरिकन साहेबाने खास वंशावळीसाठी बनवलेला प्रोग्रॅम मला दिला. आपल्या सात पिढ्या बसल्या त्यात, एकशे त्रेचाळीस माणसं. एका फ्लॉपीवर प्रोग्रॅम आहे आणि दुसरीवर आपलं घराणं. बांद्याला हायवेच्या बाजूला कॉम्प्युटरचा क्लास निघालाय म्हणे. तिथे नेऊन यमुनाकाकीला दाखव. तिला मी तसा शब्द दिलाय.'

पत्र वाचून लवूला बरं वाटायला हवं होतं. त्याने मात्र ते घाईने परत पाकिटात सरकवलं. कारण त्या एकशे त्रेचाळीस माणसांत एक त्याचा बाप होता, आणि बापाविषयी सत्यवानला जे सांगितलं ते लवूने आईच्या पाठीमागे सांगितलं होतं.

धोंडू गिरप एकसष्ट साली, नारळीपुनवेनंतरच्या आठव्या दिवशी, दोन माणसांना घेऊन समुद्रात गेला. दुपारी वारा फिरला. तिसऱ्या दिवशी होडी रेडीजवळ उपडी सापडली. बरोबरचे दोघे लाटांनी किनाऱ्याला आणून टाकले. धोंडूला नाही आणलं. दीड वर्षाने रेडीचा एक माणूस सांगत आला की कारवारच्या बंदरात मी धोंडूसारखा एकजण बघितला, चाल तीच, पाठ तीच. यमुनाबाई नऊ-दहा वर्षांच्या लवूला आणि धाकट्या सुशीलेला जावेकडे टाकून कारवारला गेली. पाचव्या दिवशी परत आली. कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माशांची पाटी घेऊन बाजारात बसली, कपाळावर कुंकू आणि हातात हिरवी काकणं घालून, आणि गेली सत्तावीस वर्षं तशीच बसत होती.

गावाने ते चालवून घेतलं, पण पुरतं नाही. लवूच्या लग्नात ती सुवासिनींच्या पंगतीत बसली तेव्हा दोघीजणी पाटावरून उठल्या होत्या. लवूने ते पाहिलं. तिने पाहिलं की नाही हे त्याला आजवर कळलं नव्हतं.

आणि मग चतुर्थीत सत्यवान वही घेऊन ओटीवर बसला. एकेक नाव, जन्म, लग्न, मृत्यू. धोंडूकाकांशी आल्यावर त्याने पेन थांबवलं. लवूने आत बघितलं. आई चुलीपाशी होती.

"एकसष्ट. सप्टेंबर," तो हळूच म्हणाला. "लिव."

बापाला मेलेला म्हणायची ती त्याची पहिली वेळ. तेव्हा क्षणभर छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. नंतर ते बोलणं चोरी केल्यासारखं अंगावर आलं. तेव्हापासून दोन महिने त्याचं कशात धड लक्ष नव्हतं. एका इंजिनाची नळी उलटी बसवली, दुसऱ्याचा नट वाळूत हरवला. आता ती चोरी काळ्या फ्लॉपीत बसून घरी आली होती.

संध्याकाळी यमुनाबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "सत्यवानाचा पाकीट इला म्हणे."

"इला."

"मगे कधी व्हरतंस माका?"

"आदी मशीन चालता काय नाय तां बगूक व्हया, आये."

"तू बग. शनवारी मी बाजारात बसूचंय नाय. शनवारी जावया."

यमुनाबाईला वाचता येत नसे, पण म्हणून तिला फसवता येईल असं नव्हतं. बाजारात आयुष्य काढलेली बाई. कुठलाही कागद ती एकाकडून कधी वाचून घेत नसे, दोघांकडून घ्यायची, आणि त्यातला एक घरचा नसायचा. बांद्याला गेल्यावर ती तिथल्या माणसाला म्हणणार, तू वाच. आणि तो वाचणार.

बुधवारी लवू एकटाच निघाला. सावंतवाडीला गाडी बदलायची होती, तिथे पाऊण तास थांबावं लागलं. तो बाकावर बसला, उठला, कंट्रोलरला विचारून आला, पुन्हा बसला. पाकीट वाकू नये म्हणून छातीशी धरलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "एक्सरे काय रे?" लवू हो म्हणाला. सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

क्लास एका किराणा दुकानाच्या माडीवर होता. दारात चपलांची ओळ. "चपला बाहेर काढून या, धूळ चालत नाही," आतून आवाज आला. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची होती, सुनीती तिचं नाव. खिडक्या घट्ट बंद, टेबलावर एकच मशीन, त्याच्यावर शिवलेलं झाकण. सकाळची बॅच सुटली होती. तिने सत्यवानचं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"असा प्रोग्रॅम मी बघितलाच नाही कधी. आमच्याकडे फक्त पगारपत्रकं आणि मार्कलिस्टा." तिने दोन्ही फ्लॉप्या दोन खाचांत सरकवून खिट्ट्या पाडल्या. मशीनने तारीख विचारली, वेळ विचारली. मग काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांची एक ओळ आली आणि थांबली.

"पहिली चालली. दुसरी वाचत नाहीये."

"म्हणजे बिघडली?"

"प्रवासात दमट हवा लागली असेल. थांबा जरा."

तिने फ्लॉपी काढली, मधल्या भोकात बोट घालून आतली तबकडी हलकेच फिरवली, परत घातली. पुन्हा तीच ओळ. लवू उभाच होता. त्याच्या मनात आलं, उघडूच नये. सांगेन आयेला, दर्याच्या हवेने खराब झाली. सत्यवानला लिहीन. पुढच्या चतुर्थीपर्यंत कोण कुठे. तिसऱ्या खेपेला सुनीतीने फ्लॉपी घातली आणि आतून खरवडल्यासारखा आवाज आला, लांबलचक. पडदा नावांनी भरून गेला.

गिरप, गिरप, गिरप. इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक, प्रत्येकाच्या आधी नंबर. सुनीती बटण दाबत होती तसे पूर्वज वर सरकत होते. लवूचा नंबर अठ्ठ्याऐंशी होता. तिने तो आकडा टाकला, तर पडद्याच्या डाव्या कडेला एकटा लवू, त्याच्यापासून उजवीकडे दोन रेघा फुटलेल्या, वरच्या रेघेवर बाप आणि खालच्या रेघेवर आई. त्यांच्यापासून आणखी रेघा. सारवलेल्या ओटीवर कोंबडीने पावलं उमटवावीत तशा त्या पडदाभर गेल्या होत्या.

"तुमच्या आईवडिलांचं पान उघडते," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. मुलांना शिकवून तिला तशी सवयच झाली होती. "धोंडू बाबाजी गिरप. जन्म अंदाजे एकोणीसशे पंचवीस, शिरोडा. लग्न अठ्ठेचाळीस, पत्नी यमुना. मृत्यू सप्टेंबर एकसष्ट. ठिकाण, अरेबियन सी. मुलं दोन. एक लवू, दोन सुशीला."

अरेबियन सी. लवूने ते नाव शाळेच्या नकाशावर बघितलं होतं. त्यात आपला बाप बुडाला असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ताई, ती एक ओळ काढता येईल?"

"कुठली?"

"मृत्यूची."

सुनीतीने त्याच्याकडे बघितलं. मग फ्लॉपी बाहेर काढून तिच्या कडेची खाच दाखवली. खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवलेली होती. "हे बघा, ही पट्टी असली की कुणाला काही बदलता येत नाही. तुमच्या भावाने मुद्दाम लावलीय. मी काढायची म्हणजे..."

लवू बोलणारा माणूस नव्हता. पण त्या बंद खोलीत अनोळखी मुलीपुढे त्याने सगळं सांगितलं. कारवार सांगितलं, कुंकू सांगितलं, चतुर्थीतली ओटी सांगितली. सांगताना तो खिडकीच्या बंद काचेकडे बघत होता.

"मूळ फ्लॉपीला मी हात लावत नाही," ती शेवटी म्हणाली. "दुसरीवर नक्कल काढते आणि नकलेतली ओळ पुसते. तुमच्या आईंना नक्कल दाखवू."

नक्कल व्हायला दहा मिनिटं लागली. मग तिने मृत्यूच्या जागी बोट ठेवून अक्षरं एकेक करून पुसली. त्या जागी नुसता रिकामा रकाना उरला. काम झालं. लवू जिना उतरला, रस्त्यावर आला, आणि त्याला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. आता दोनदा चोरी झाली होती. एकदा बापाला मारून आणि एकदा ते लपवून.

शुक्रवारभर तो आईसमोर यायचं टाळत राहिला. ती मात्र धुतलेलं लुगडं दोरीवरून काढून घडी घालत होती, बांद्याला किती वाजता पोचू म्हणून दोनदा विचारून झालं होतं. तीही नेहमीसारखी नव्हती. जेवताना भात पानात ठेवून उठली. लवूला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, कळणार कसं.

शनिवारी दोघं बांद्याला पोचली तर लाईट गेलेली. सुनीतीने खिडक्या उघडल्या, यमुनाबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. लवूला तिथे बसवेना. "वायरमनाक विचारून येतंय," म्हणत तो जिना उतरला. वायरमन जेवायला गेला होता. लवू हायवेने पुलापर्यंत चालत गेला, गोव्याकडे जाणारे ट्रक मोजले, परत फिरला. एका हॉटेलात चहा सांगितला आणि अर्धा टाकून उठला. तेवढ्यात हॉटेलातला पंखा फिरू लागला.

तो धावतच माडीवर आला. मशीन चालू होतं. यमुनाबाई पडद्यासमोर बसली होती, पदर खोचून, बाजारात गिऱ्हाइकासमोर बसावं तशी. सुनीतीचं वाचून झालेलं दिसत होतं.

"ये," यमुनाबाई म्हणाली. "तुजीच वाट बगतंव."

"काकी म्हणतात, यात एक माणूस राहिलाय," सुनीती म्हणाली.

"बापाशीचा नाव आसा," लवू घाईने म्हणाला.

"तेचा आसा. ह्या बायेन वाचून दाखवल्यान. माजा चेडू, माजी पोर, नाय हेच्यात."

"सुशी आसा मा. दोन नंबराक."

"सुशी न्हय. तुज्या आदी एक झाला होता." यमुनाबाई पडद्याकडेच बघत होती. "लग्नाच्या दुसऱ्या सालाक. नव दिवस जगला. बारसा करूकच गावला नाय."

लवू उभाच राहिला. छत्तीस वर्षं तो घरातला थोरला होता. सगळे त्याला थोरला म्हणून हाक मारत, थोरला म्हणून कामं सांगत.

"माका कधी सांगूक नाय तू."

"कोणाक सांगतलंय? चतुर्थीत सत्यवानान विचारल्यान, काकी, पोरां किती? घरात धा माणसां होती. माज्या तोंडात दोन इला. सत्यवान गेल्यार माका झोप नाय. सगळी मेलेली माणसां लिवल्यान तेणी, आजयाच्या आजयाक पण जागा दिल्यान. आणि माज्या चेडवाक तेवडी जागा मी दिवक नाय." तिने सुनीतीकडे वळून विचारलं, "आता घालूक येतला काय गो बाये?"

"येतला, काकी," सुनीती म्हणाली. इतका वेळ शुद्ध बोलणारी ती आता घरच्या बोलीत आली होती. "नाव काय घालू?"

"बारसा झाला नाय, म्हणजे नाव नाय. पण लवूच्या बापाशीन ठरवल्यान होता. चेडू झाला तर शेवंती."

सुनीतीने मुलांच्या यादीत वरती जागा केली. लवू एकवरून दोनवर सरकला, सुशीला तीनवर. शेवंती धोंडू गिरप. जन्म पन्नास. मृत्यूच्या रकान्याशी तिची बोटं थांबली.

"तीच साल," यमुनाबाई म्हणाली. "घाल. माज्या मांडयेर गेला तां."

सुनीतीने आकडे टाकले. पान पुन्हा पहिल्यापासून उभं राहिलं. खालच्या ओळीत नऊ दिवसांच्या मुलीचे दोन्ही रकाने भरलेले, आणि वर तिच्या बापाचा एक रिकामा.

"आता माका सांग," यमुनाबाई लवूला म्हणाली, "ह्यो रकानो रिकामो कसो?"

सुनीती उगाच कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसू लागली.

"तूच सांगितलंस मा सत्यवानाक, सप्टेंबर एकसष्ट म्हणान? तेणी जाताना माका विचारल्यान. काकी, लवूदादान असा सांगितल्यान, लिवू काय? मी म्हटलंय, लवू सांगता तर लिव."

दोन महिने लवू जे लपवत फिरत होता ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"तुका वायट दिसात म्हणान पुसूक लावलंय, आये."

"वायट दिसताच. सत्तावीस वर्सां दिसता. मशिनीत लिवल्यान तां वाडूचा नाय आणि पुसल्यान कमी होवचा नाय." ती थांबली. खाली ट्रक थांबून हॉर्न देत होता, तो जाईपर्यंत ती थांबली. "बग लवू. तो माका सांगान गेलो. पेज जेवन उठलो आणि म्हणालो, येतंय. म्हणान माज्या कपाळाचा मी बगतंय, कोणी पाटावरसून उठांदे नायतर बसांदे. पण तुका तेणी सांगूक नाय. तू निजलेलंस. तुजो पण तो बापूस होतो. तुका काय वाटता तां तू लिव. माज्यासाठी थांबा नको."

म्हणजे पंगतीतल्या त्या दोघी तिनेही पाहिल्या होत्या.

आईसमोर बापाला गेला म्हणायचं म्हणजे तिच्या कपाळावर आपल्या हाताने बोट फिरवण्यासारखं लवूला वाटत आलं होतं. तिचं कुंकू तिथेच होतं. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, आणि थांबली होती.

"सप्टेंबर एकसष्ट," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "लिवा, ताई. तो गेलो."

सुनीतीने टाइप केलं. "ठिकाण पूर्वीचंच?"

"नको ता. शिरोड्याचा दर्या लिवा."

"इंग्रजीतच येईल."

"येंदे."

यमुनाबाईने डोळ्यांना पदर लावला नाही. ती पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, काचेला न लावता. "ह्यातला शेवंती खंयचा?" तिने विचारलं. सुनीतीने दाखवलं. ती अक्षरं तिने बराच वेळ बघितली.

नकलेची फ्लॉपी सुनीतीने पुठ्ठ्यात घालून दिली. ती सत्यवानला पाठवायची, बरोबर पत्र लिहायचं, म्हणजे मुंबईच्या मशीनमध्येही बदल होईल, असं तिने दोनदा समजावून सांगितलं. लवूने मान हलवली. जिना उतरताना त्याने आईला हात द्यायला पुढे केला, तिने धरला नाही. ती आपली कठड्याला धरून उतरली.

स्टँडवर सावंतवाडीची गाडी नुकतीच गेली होती. बाकावर यमुनाबाई बसली, लवू उभा राहिला. थोड्या वेळाने तोही बसला आणि लगेच उठला. छातीत काहीतरी सैल झालं होतं, पण त्या जागी दुसरंच काही येऊन हलू लागलं होतं. आपल्या आधी त्या घरात कुणीतरी रडलं होतं. आपण ज्या फडक्यांत गुंडाळलो गेलो ती कुणाची तरी उरलेली असतील. असले विचार त्याला कधी येत नसत.

"आये," त्याने विचारलं, "कशी होती ती?"

"कोण?"

"शेवंती."

यमुनाबाईने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ऐकलं नसावं.

"काळी होती," ती म्हणाली. "तुज्या बापाशीसारकी. डोकयेर केस म्हणशीत तर हे इतके. रडा नाय. नुसती बगत रवा. सुईण म्हणाली, न रडणारा पोर बरा न्हय. माका तेव्हा कळूक नाय, मी सतरा-अठरा वर्सांची..."

समोर गाडी लागली. माणसं धावली. लवूने पाटीवरचं नाव वाचलं, त्यांचीच होती. कंडक्टरने दार धरून विचारलं, येताय का. लवूने हातानेच नाही म्हणून सांगितलं. दुसरी तासाभराने होती.

तो आईच्या शेजारी बसला, पाकीट मांडीवर ठेवून.

"मगे?" तो म्हणाला.